पाणबुडीचा ‘शोध’ की ‘चाहूल’?

प्रश्न: एका लेखाचं मराठी करतोय. विषय: पाणबुड्या ओळखण्यासाठी समुद्रात मोबाइल सेन्सर नेटवर्क. मी ‘चल संवेदक जाळ्याची तैनाती’ असं केलं, तर संपादकबाई म्हणाल्या, हे वाचणार कोण? ‘मोबाइल’ ठेवलं तर वाचकाचा हात खिशाकडे जातो. काय करू?

उत्तर: ‘फिरते’ म्हणा. फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय आपण म्हणतोच. ‘जंगम’चा मोह नको, लोकांना मृत्युपत्र आठवेल.

माझा खरा आक्षेप ‘शोध’ला. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात. आवाज मात्र सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून सगळा कारभार कानांचा. स्वतः पिंग, म्हणजे आवाजाचा ठोका, सोडून प्रतिध्वनी ऐकला तर तो शोध, पण त्यात आपलाही पत्ता फुटतो. गुपचूप ऐकत राहण्याला ‘चाहूल घेणे’ हाच शब्द. चाहुलीवरून फार तर दिशा कळते. दोन-तीन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा जिथे छेदतात, तो ‘ठावठिकाणा’. त्यापुढे ‘माग काढणे’. पायऱ्या तीन, आपण मात्र सरसकट ‘शोध’ लिहून मोकळे.

दुसरं उत्तर: ‘तैनात’बद्दल. तैनाती फौज शाळेत वाचली ना, १८०२ चा वसईचा तह? ती येऊन ठाण मांडते. अमेरिकेने १९५० च्या दशकापासून समुद्रतळावर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनच्या, रांगा घातल्या आणि केबलने किनाऱ्याला जोडल्या, ते सोसस. त्याला ‘तैनात’ शोभतं. सोनोबॉय, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारा तरंगता बोया, विमानातून ‘टाकतात’, आपल्या नौदलाचं पी-८आय विमान तेच करतं. ग्लायडर, म्हणजे पाण्याखालचं बिनमाणसाचं छोटं यान, ‘सोडतात’. त्याला पंखा नसतो. तरंगण्याची ताकद कमी-जास्त करत, बुडत-वर येत, तासाला जेमतेम किलोमीटरभर सरकतो. म्हणूनच आवाजही नगण्य. वर आला की उपग्रहाला निरोप देतो.

प्रश्नकर्ता: आणि ‘जाळं’? ते तरी राहू दे.

तिसरं उत्तर: आम्ही वसईकडचे, जाळ्यावर बोलणारच. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, खुंटाला बांधलेली, तोंड प्रवाहाकडे. मासा आपण होऊन आत येतो. तुमच्या जाळ्यात काही अडकत नाही, नुसतं ऐकू येतं. शिवाय खुंटही नाही. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे बुडलेल्या ग्लायडरला स्वतःची जागासुद्धा अंदाजानेच ठाऊक. कानच हलले तर वर म्हटलेला छेदही हलणार. मला ‘गस्त’ बरी वाटते. गस्त फिरतीच असते, म्हणजे ‘मोबाइल’चं भांडणही मिटलं.

प्रश्नकर्ता: ‘पाणबुडीची चाहूल घ्यायला ग्लायडर गस्तीवर’ असं करून पाठवलं. बाई खूश आहेत. आता ग्लायडरला मराठी शब्द मागतायत.