टोमॅटो-मिरचीची रोपं वाफ्यात लावण्याआधी पाणी कधी द्यावं?

पालवी: टोमॅटोची २२ आणि मिरचीची १५ रोपं प्लास्टिकच्या ग्लासांत वाढवली आहेत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतात. रविवारी वाफ्यात लावायची आहेत. मागच्या वेळी ग्लास उपडा केला की माती गळून पडायची, मुळं उघडी. निम्मी रोपं गेली. आधी पाणी द्यावं का, किती वेळ आधी? नवीन काही विकत घ्यायचं नाही. झारी आणि घमेलं आहे.

माळरान: तासभर आधी भरपूर पाणी. मी ओलावा मोजायचं यंत्र घेतल्यापासून एक रोप गेलेलं नाही. घेऊनच टाका.

वाफसा: यंत्र कशाला? ग्लास उचलून बघा, पाणी प्यायलेला जड लागतो. पण भरपूर नको. मी पाणी घालून लगेच ग्लास उपडे केले होते, चिखल मुळांसकट ओघळला. जास्तीचं पाणी निथळू द्या, मगच काढा.

शेवंती: पालवीताई, कोकोपीट एकदा कोरडं पडलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. ग्लासांना खाली भोकं असतील तर घमेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात ठेवा. वरची माती ओली, काळपट दिसली की काढा. तो कोरडा गोळा तसाच जमिनीत गेला तर भोवती कितीही पाणी द्या, आत ओल पोचत नाही. माझी वांगी ओल्या वाफ्यात सुकली आहेत.

हिरवा कोपरा: ठिबक बसवा. माझ्या सगळ्या वाफ्यांना आहे.

पालवी: विकत काही घ्यायचं नाही हो. आणि रोपं अजून ग्लासातच आहेत.

जुना बागवान: सगळे शेवटच्या तासाचं बोलताहेत. आधीचा आठवडाभर पाणी थोडं कमी करायचं, उन्हाची सवय लावायची. लाडावलेलं रोप पहिल्याच उन्हात मान टाकतं.

वाफसा: काका, कमी म्हणजे कोमेजेपर्यंत नव्हे. लावायच्या दिवशी रोप तहानलेलं नको.

जुना बागवान: ते मी कुठे म्हटलं? संध्याकाळी लावा, लावल्या लावल्या पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीची माती बसते. तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं, हलकं पाणी.

माळरान: तासभर आधी पाणी. परत सांगतो.

शेवंती: आणि रोप पानाला धरा. खोड चिरडलं की संपलं.

पालवी: आज एक ग्लास घमेल्यात ठेवून पाहिला, गोळा अखंड निघाला! शेवंतीताई, खूप आभार. पण संध्याकाळी मला जमणार नाही. शनिवारी रात्री सगळे ग्लास भिजवून निथळत ठेवते आणि रविवारी उजाडताच लावते.

जुना बागवान: सकाळी लावू नका. दिवसभर ऊन खातील.

पालवी: ठरलं काका. ऊन चढलं की टोपल्या उपड्या घालून ठेवीन.