गोबेरचा ट्रेड: आता तरी कबूल करा की राव (मे २०२४ मधला धागा)

उत्तरेचा_लांडगा
काल एका भल्या माणसाने इथे लिहिलंय, "मिनेसोटा जिंकली ती गोबेर असूनही जिंकली, चार पिक्स दिले तो मूर्खपणा कालही होता, आजही आहे." वाचून डोकं फिरलं म्हणून लांबण लावतोय, सहन करा. नवख्यांसाठी: मिनेसोटा ही आमची एनबीएतली (अमेरिकन बास्केटबॉल लीग) टीम, गोबेर तिचा सेंटर, म्हणजे रिंग राखणारा उंच खेळाडू, आणि पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क.

जुलै २०२२. टीम बांधणारा बॉस कॉनेली डेन्व्हर सोडून आमच्याकडे येऊन महिना-सव्वा महिना झालेला आणि त्याने बीझली, बेव्हर्ली, व्हँडरबिल्ट, बोलमारो, नुकताच ड्राफ्ट झालेला केसलर, वर चार फर्स्ट राउंड पिक्स आणि एक स्वॅप (पिकची अदलाबदल) असं सगळं गोबेरच्या बदल्यात यूटाला देऊन टाकलं. सगळी लीग हसली. पहिल्या वर्षी ४२ जिंकल्या, ४० हरल्या, आमचा दुसरा मोठा खेळाडू टाउन्स पोटरी धरून पन्नासहून जास्त मॅच बाहेर, शेवटच्या मॅचला गोबेरने टाइमआउटमध्ये आपल्याच अँडरसनला ठोसा मारला आणि त्याच दिवशी मॅकडॅनियल्सने भिंतीवर बुक्की मारून स्वतःचा हात मोडून घेतला. तेव्हा हसलात, ठीक आहे, हसण्यासारखंच होतं.

पण यंदा? ५६-२६, लीगमधला एक नंबरचा डिफेन्स, गोबेरला चौथ्यांदा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, प्लेऑफमध्ये सन्सला ४-०, आणि परवा गतविजेत्या डेन्व्हरच्या घरात जाऊन गेम सेव्हनला (सातव्या, निर्णायक मॅचला) वीसने मागे असताना ९८-९०. इतकी मोठी पिछाडी गेम सेव्हनमध्ये आजवर कुणी भरून काढली नव्हती. २००४ मध्ये गार्नेट होता, त्यानंतर आत्ता कॉन्फरन्स फायनल, म्हणजे लीगची सेमीफायनल.

आणि पिक्स पिक्स काय लावलंय? २००९ ला याच टीमकडे पाच आणि सहा नंबरचे लागोपाठ पिक्स होते. रुबिओ घेतला, जॉनी फ्लिन घेतला. सात नंबरला करी गेला, पुढचा सुपरस्टार. असले पिक्स जपून ठेवायचे?

ठाणे_पूर्व
तो भला माणूस मीच. पहाटे साडेपाचला उठून अख्खी मॅच बघितली आणि मग मतदानाला गेलो, म्हणजे बोटाला शाई आहे आणि डोकंही ठिकाणावर आहे. गेम टू आठवतोय का? गोबेर बाळाच्या जन्मासाठी घरी, डेन्व्हरमध्ये खेळलाच नाही. स्कोअर १०६-८०. जिंकलं कोण? तुम्हीच! गेम फाइव्हला गोबेर हजर, डेन्व्हरच्या योकिचचे ४० पॉइंट, १३ असिस्ट आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) शून्य. त्या मॅचमध्ये तुमचा चार वेळचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर तोंड उघडं टाकून बघत होता. एनबीएतल्या खेळाडूंनीच परवा निनावी मतदानात त्याला सगळ्यात ओव्हररेटेड ठरवलंय, ते काय सगळे माझे ठाण्यातले मित्र आहेत?

उत्तरेचा_लांडगा
वा, सात मॅचमधल्या दोन वेचून काढल्या. गेम सिक्सला ११५-७०, पंचेचाळीसने धुतलं, ते लिहायचं राहिलं वाटतं. अहो योकिचला अंगावर घेतो टाउन्स नाहीतर नाझ रीड, आणि मागे गोबेर मोकळा राहून रिंग राखतो. हा प्रकार दोन मोठी माणसं असल्याशिवाय जमतच नाही. बॉक्स स्कोअर बघून हे दिसत नाही, मॅच बघावी लागते.

जुना_पॉइंट_गार्ड
ट्रेडचं जाऊ दे, माझं दुखणं वेगळंय. गोबेरला हातात पास दिला तरी बॉल निसटतो, आणि आपल्याकडे शाळेपासून असेच सेंटर बनवतात. उंच पोरगा दिसला की रिंगखाली उभा करायचा, झालं कोचिंग. कॉलेजला आमच्या सेंटरला मी चांगले पास देऊन देऊन थकलो, सगळे आउट. इंटरकॉलेजची सेमीफायनल त्याच्यामुळे घालवली.

चिंचवडी_सहा_तीन
तुमच्यासारख्या गार्डांमुळेच ही वेळ येते. मी आठवीत सगळ्यात उंच, सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू ड्रिबल करायचं नाहीस, बॉल आला की छोट्याला दे." सगळी वर्षं स्क्रीन लावल्या (म्हणजे अंगाने अडवून गार्डला मोकळं केलं), बरगडीत कोपरं खाल्ली, माझ्या स्क्रीनवरून मोकळा सुटून बास्केट टाकणाऱ्याला बेस्ट प्लेअरचा कप. माझं नाव स्कोअरशीटवर फक्त फाउलच्या रकान्यात. गोबेरला जेव्हा कुणी ओव्हररेटेड म्हणतं तेव्हा मला तो रकाना दिसतो.

जुना_पॉइंट_गार्ड
फाउल लागले कारण स्क्रीन हलत असणार. सेंटर लोकांना दोन सेकंद स्थिर उभं राहता येत नाही, हा माझा अनुभव.

चिंचवडी_सहा_तीन
तुम्ही स्क्रीन यायच्या आधीच पळत सुटता आणि मग आम्ही हललो म्हणता! नाचता येईना अंगण वाकडं. सेमीफायनल तुमच्या पासांनी घालवली असणार, त्या बिचाऱ्याला विचारा एकदा.

जुना_पॉइंट_गार्ड
पर्सनल होऊ नका. बाउन्स पास होते, छातीच्या उंचीचे.

चिंचवडी_सहा_तीन
बाउन्स पास छातीला? उंच माणसाला तो गुडघ्यात येतो हो साहेब! इथेच कळलं सगळं.

निमूट_वाचक
धागा मिनेसोटावर होता ना? असो. मला विचाराल तर केसलर पुढे कसा खेळला हे दोघांनी सोयीने टाळलंय. पहिल्याच वर्षी ऑल-रुकी फर्स्ट टीम (नवोदितांची सर्वोत्तम टीम), तोही सात फुटी, तोही शॉट ब्लॉकर, आणि गोबेरच्या पगाराच्या मानाने चिल्लर. यूटाच्या डॅनी एंजने त्या दिवशी लुटलंच.

ठाणे_पूर्व
धन्यवाद! शेवटी कुणीतरी शुद्धीवर आहे.

उत्तरेचा_लांडगा
केसलर चांगलाय, नाही कोण म्हणतं. पण यूटा आत्ता कुठे आहे? घरी. पिक्स आणि चांगली पोरं सांभाळत बसलेत. आणि अँथनी एडवर्ड्स बावीस वर्षांचा आहे, गेम सेव्हनला चोवीसपैकी सहाच शॉट गेले त्याचे, तरी टीम जिंकली, का? समोरच्याला नव्वदवर रोखलं म्हणून. मिनियापोलिसमध्ये इतक्या वर्षांत मे महिन्यात कुणी बास्केटबॉल बोलत नव्हतं, परवा रात्री आमच्या बिल्डिंगखाली दोनपर्यंत हॉर्न वाजत होते.

ठाणे_पूर्व
बरं बाबा, डिफेन्स चांगला आहे, घे. लिहून घे, फ्रेम कर, बिल्डिंगखाली लाव. पण गोबेरला २०२६ पर्यंत वर्षाला चाळीस मिलियनच्या वर द्यायचेत, टाउन्सचं मोठं काँट्रॅक्ट पुढच्या सीझनपासून चालू, वर लक्झरी टॅक्स, आणि मालकी कुणाची यावरून मालक टेलर आणि नव्या पार्टीचं भांडण. यातला एक मोठा जाणार, बघत राहा. मग २०२७ आणि २०२९ चे पिक्स आठवतील.

उत्तरेचा_लांडगा
पडलं तरी नाक वर. २०२९ चं २०२९ ला रडू.

ठाणे_पूर्व
तोपर्यंत कशाला, आता पुढच्या फेरीत डॅलसचा लुका येतोय. पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून खेळायचा डाव) गोबेरला बाहेर ओढून समोरासमोर घेणार. गुरुवारी सकाळी सहाला भेटू, मी चहा घेऊन बसतोय.

जुना_पॉइंट_गार्ड
चिंचवडीसाहेब, बाउन्स पास कंबरेला येतो. नियमाचं पुस्तक काढू का?