गावी आई-बाबांसाठी डॉक्टर: आरोग्य केंद्र की खासगी?

हेदवीची_लेक
मंडळी, आई-बाबा ठाण्याचं घर बंद करून गुहागरजवळ गावी राहायला गेलेत. बाबांना मधुमेह आणि बीपी. प्राथमिक आरोग्य केंद्र रिक्षाने जवळ आहे, पण बाबा म्हणतात, "तिथे नुसत्या पांढऱ्या गोळ्या देतात." नाक्यावरच्या खासगी डॉक्टरांकडे कायम रांग. चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? इथे कोणी फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांचं मत हवंय.

मालवणी_खाजा
आमच्या बापाशीक सुई टोचल्याशिवाय डॉक्टरान काय केल्यान असा वाटणाच नाय. रांग बघून डॉक्टर ठरवू नका.

डॉक्टरकाका_राजापूर
खाजा, अगदी बरोबर. रांग इंजेक्शन आणि सलाईनचीही असते.

ताई, मी जन्मभर खासगी प्रॅक्टिस केली, तरी सांगतो: मधुमेहाचा पेशंट सांभाळणं म्हणजे गोळी लिहिणं नव्हे, मागचं लक्षात ठेवणं. पहिल्या भेटीत एवढंच बघा. बीपी घेण्याआधी बाबांना पाच मिनिटं बसवलं का? चपला काढायला लावून तळवे, बोटांमधल्या बेचक्या पाहिल्या का? आकडा कुठे लिहिला का? आमच्यातले बरेच जण हातभर चिठ्ठीवर औषधं लिहितात, ती चिठ्ठी मेडिकलवाल्याकडेच राहते आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. हे आमचं, खासगीवाल्यांचं दुखणं.

केंद्राचं दुखणं वेगळं. तिथे एमबीबीएस झालेली मुलं सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर येतात, वर्ष भरलं की जातात. चांगली असतात, पण बाबांची ओळख होईपर्यंत बदलतात. टिकून राहतात त्या सिस्टर आणि आशाताई, त्यांच्याशी ओळख ठेवा. आणि पांढऱ्या गोळ्यांना नावं ठेवू नका, मधुमेहाची मेटफॉर्मिन खासगीतही पांढरीच मिळते! केंद्रात गोळ्या आणि बीपी-साखरेची तपासणी फुकट असते. फक्त औषध संपलं की माणसं येणं सोडतात, म्हणून महिन्याचा साठा मिळतो का ते आधी विचारा.

कातळावरचा
साप चावला तर?

डॉक्टरकाका_राजापूर
वेळ न घालवता सरकारीच. १०८ ला फोन करा आणि जिथे प्रतिविष आहे तिथेच न्यायला सांगा. आपल्याकडे फुरसं भरपूर. त्याच्या विषाने रक्त गोठत नाही. ते तपासायला काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरकी करतात. पातळच राहिलं तर प्रतिविष लागतं. यंत्र काही लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम ठाऊक असेल, त्यावर प्राझोसिन या बीपीच्या औषधाचा वापर त्यांनीच रुळवला. २०२२ साली पद्मश्री मिळाली. ते कामही रायगडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू झालं होतं. केंद्र म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो.

हेदवीची_लेक
म्हणजे दोन्हीकडे न्यायचं का, काका?

डॉक्टरकाका_राजापूर
मधुमेह-बीपीसाठी एकच ठिकाण धरा. दोन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र झाल्या की साखर एकदम उतरते, हे मी पाहिलंय. शंभर पानी वही आणा, तारीख, बीपी, साखर, औषध लिहा आणि कुठेही गेलात तरी तीच पुढे करा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) दर तीन महिन्यांनी, नियंत्रणात आलं की सहा महिन्यांनी. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा. हे केंद्रात होत नसेल तर चिठ्ठी घेऊन वरच्या रुग्णालयात जा. चिठ्ठी देताना कुरकुर न करणारा डॉक्टर धरून ठेवा.

साखरपा_कट्टा
भातलावणीच्या दिवसात लेप्टोचंही (उंदरांच्या लघवीतून चिखल-पाण्यात पसरणारा ताप) बघा. चिखलात उतरणार असाल तर आधी केंद्रात त्यावरच्या प्रतिबंधक गोळीबद्दल, डॉक्सीसायक्लिनबद्दल, विचारा. बाबांची शेती आहे का?

हेदवीची_लेक
शेती आहे आणि बाबा ऐकणार नाहीत, उतरणारच! वही गणपतीला जाईन तेव्हा नेते, गोळ्यांबद्दल आशाताईंना आजच फोन करते. जाता जाता, चिपळूणला दातांचा कोणी चांगला?

कातळावरचा
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दात आले तर डॉक्टरकाका पळतील.