लेक बोलंना झालीय, ऊसतोडीला जायच्या आधी काय करू?

धारूर तालुक्यातला आहे. मी आन् बायको, आमचा एक कोयता, म्हंजी ऊस तोडणारं जोडपं. १४ हंगाम झाले, दिवाळीच्या आगंमागं निघायचं ते गुढीपाडव्यालाच घरी. पोरगी आज्जीपाशी वाढली. ती तिसरीत असताना ट्रकमधी चढून बसली व्हती, मला बी न्या म्हणून रडायली, मी हाताला धरून खाली उतरवलं. उसाच्या फडावर आली आसती तर शाळा सुटली आसती, तिथं लेकरं वाढे, म्हंजी उसाचे शेंडे, गोळा करतात नायतर धाकटी सांभाळतात. पण ती आजून तेच धरून बसलीय. आता लातूरला डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला आहे, आईसंग बोलती, मी फोन घेतला की हं, बरं, ठिव. फीसाठी मी बैलजोडी इकली, तिला सांगितलं बैल म्हातारे झाले व्हते. औंदा बैलगाडी नाही म्हणून ट्रॅक्टरच्या टोळीत उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, मोळ्या डोक्यावर वाहाव्या लागतेन. सांगू का तिला खरं?

केजकर: सांगा की दादा, लपवून काय मिळालं? पोरीला कळू द्या बापानं काय केलं ते.

फडावरचं लेकरू: मी ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात राहून शिकलो, आता जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. बैलाचं आत्ताच सांगू नका, परीक्षेचं वरीस आहे, पुस्तक उघडलं की तिला बैलच दिसतेन. ट्रकचं बोला. आमचे आबा, म्हणजे वडील, ऊसतोडीला गेले तेव्हा मी झोपेत होतो, मुद्दाम उठवलं नव्हतं त्यांनी, मला कितीतरी वर्षं वाटायचं की मी नकोसा होतो म्हणून न सांगता गेले, आणि खरं कारण आबा वारल्यावर आईकडून कळलं, त्यांच्याच्यानं माझं रडणं बघवत नव्हतं. तुम्ही हयात आहात तवर तुमच्या तोंडानं सांगा.

लातूरची ताई: फोनवर नका बोलू, होस्टेलात बाजूला दहा पोरी असतात. इकडं या. आमच्या पोराची रविवारी टेस्ट असते, दुपारनंतर मोकळा असतो, तिचं विचारून घ्या. आणि मार्काचं काढूच नका.

मूळ प्रश्न विचारणारा: गुर्जी, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, दोघंबी गप बसलो. मुकादम म्हणतोय दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी निघायचं, म्हंजी हाच एक रविवार हाय. अंबाजोगाईवरून सकाळच्या एसटीनं जातो. आज्जी धपाटे करून देतीय. ट्रकचं काढतो, बैलाचं तिनं इचारलं तर मातर खोटं बोलणार नाही.