छोट्या खाऱ्या टाकीला कॅनिस्टर नको, असं माझं मत

जुळेसोलापूरकर
परवा एका दुकानात 75 लिटरच्या, खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी (24 × 12 × 16 इंच) कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घेऊनच जा म्हणून मागे लागले होते. नाही घेतला. का, ते सांगतो. पटलं नाही तर बिनधास्त भांडा.

मागच्या वर्षी माझ्याकडे कॅनिस्टरच होता. क्लाउन माशांची जोडी, नऊ किलो दगड, बाकी काही नाही. एप्रिलमध्ये एका रात्री साडेबाराला लाईट गेली ती पहाटे पाचला आली. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. पाणी फिरतंय तोवर आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळतो. पाणी थांबलं की डब्यातला प्राणवायू तेच संपवतात आणि गाळ कुजायला लागतो. लाईट आली तेव्हा मी झोपेत. डब्यातलं ते सगळं टाकीत. सकाळी एक क्लाउन तळाला.

आता टाकीच्या मागे लटकणारा हँग-ऑन फिल्टर लावलाय. त्यात कापूस आणि कार्बनची पुडी, बास. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायचं काम दगडावरचे जिवाणू करतात. ते जिवाणू वाढावेत म्हणून टाकी सहा आठवडे माशांशिवाय नुसती मुरत ठेवली होती. नायट्रेट मात्र कुठं जात नाही, म्हणून दर रविवारी साडेसात लिटर पाणी बदलतो. एवढ्याशा टाकीला याहून जास्त यंत्रं कशाला?

मागवाला
दादा, डब्याला फाशी देण्याआधी पुरावा तरी बघा. साडेचार तास टाकीतलं पाणी हललं नाही. एप्रिलची रात्र, आणि पाणी किती डिग्रीला होतं ते तुम्ही लिहिलंच नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्यात आणखी कमी. मासा लाईट यायच्या आधीच गुदमरला असेल. तुम्ही झोपेत होता, मग बघितलं कुणी?

आणि हँग-ऑनला लाईट लागत नाही का? उलट लाईट आल्यावर त्यातले काही पाणी ओढतच नाहीत, पेटीत पाणी भरून द्यावं लागतं. छोटा कॅनिस्टर 15 वॅटचा. घरातला पंखा 75 वॅटचा. पंखा इन्व्हर्टरवर आणि माशाचा पंप साध्या प्लगवर, हा कुठला न्याय?

जुळेसोलापूरकर
पाणी 31 होतं. इन्व्हर्टर तेव्हा घरात नव्हता. मासा नक्की कशानं मेला हे छातीठोकपणे नाही सांगता येणार, मान्य. पण डबा उघडला तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला, तो खोटा नव्हता.

मागवाला
साडेचार तासांत तसा वास नाही सुटत. डबा शेवटचा कधी धुतला होता?

जुळेसोलापूरकर
दोन महिन्यांपूर्वी. आणि माझं म्हणणंच ते आहे! कॅनिस्टर कपाटाच्या आत, पाइप सोडवा, बादली आणा, फरशी पुसा. कोण करतंय? हँग-ऑनचा कापूस डोळ्यासमोर काळा होतो, दर तीन दिवसांनी उचलून टाकतो.

मागवाला
म्हणजे आळस तुमचा आणि बदनामी डब्याची. दर पंधरा दिवसांनी धुवा, स्पंज टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको. माझा तीन वर्षं चालू आहे, आणि कार्बन-बिर्बन ठेवायला जागा हँग-ऑनच्या चौपट.

अक्कलकोटरोड
दोघंही कचरा कुठल्या पिशवीत साठवायचा यावरच भांडताय. कचरा कुजायच्या आधी बाहेर काढतो तो स्किमर. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते, फेस वर चढतो, कपात काळपट पाणी जमतं. हे खाऱ्या पाण्यातच जमतं, गोड्यात तसा बारीक फेस धरत नाही. शिवाय पाण्यात हवा मिसळते ती वेगळीच. सोलापूरच्या मेमध्ये त्याची किंमत कळते.

होटगीरोडची ताई
स्किमर मोठ्या टाकीला घ्या की, कोण नाही म्हणतंय. 75 लिटरवर मी घेतला होता. रात्रभर घुर्रर्र. खाऊ घातला की फेस बसतो, कधी कप भरून जमिनीवर. दोन क्लाउन खातात ते केवढं! साडेसात लिटर पाणी बदलायला पावकिलोहून थोडं जास्त मीठ लागतं (मरीन मिश्रण हं, स्वयंपाकघरातलं नाही). ते परवडतं. मी हँग-ऑनवाल्यांच्या बाजूनं, पण सोबत एक वेव्हमेकर (टाकीत पाणी ढवळणारा छोटा पंप) हवाच. नुसत्या हँग-ऑननं दगडामागचं पाणी हलत नाही, तिथंच घाण बसते.

पाणीवाला
नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि तुम्ही आरओचं पाणी माशांना. एक लिटर चांगलं निघायला दोन-तीन लिटर मोरीत. वर टाकीवर पंखे लावून रोजचं लिटर-दीड लिटर उडवता. हे पटतं का तुम्हाला?

जुळेसोलापूरकर
टोचलं. मोरीत जात नाही, बादलीत साठतं, त्यानं फरशी आणि गाडी. पंख्याला पर्याय नाही. आपली हवा कोरडी आहे म्हणून पंख्यानं तीन डिग्री उतरतात, चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) खर्च वाचतो. उडालेल्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, मीठ कुठं उडत नाही. पिण्याचा आरओ चालेल असं मात्र समजू नका. त्यात मुद्दाम क्षार मिसळलेले असतात. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा, शून्याच्या जवळ हवा.

नवापाहुणा
अवांतर. तुम्ही सगळे दगड-दगड म्हणताय, तो लाइव्ह रॉक (जिवाणू असलेला समुद्रातला दगड) कुठं मिळेल?

होटगीरोडची ताई
समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या नादी लागू नका. रीफ बांधणारी प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. कोरडा कृत्रिम सच्छिद्र दगड घ्या, बाटलीतले जिवाणू टाका, चिमूटभर खाऊ घालून अमोनिया तयार होऊ द्या. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा आणायचा नाही. घाईनंच सगळे फसतात.

अक्कलकोटरोड
ताईंशी सहमत, स्किमर सोडून.

जुळेसोलापूरकर
इन्व्हर्टरवर टाकीसाठी एक पॉइंट काढून घेतोय, वेव्हमेकर त्यावर. एवढं मागवाल्यांचं ऐकलं. कॅनिस्टर परत लावणार नाही. माळ्यावर पडलाय, अर्ध्या किमतीत कुणाला हवा असेल तर सांगा.

मागवाला
मी घेतो. आधी धुऊन द्या.