मदत हवी आहे: जोन्स–हॉपकिन्स, ऐन भर कोणाचा कधी, आणि दुसऱ्या लढतीला १७ वर्षं का लागली?

दहानऊ

बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियर आणि बर्नार्ड हॉपकिन्स यांच्या दोन लढतींवर लेख लिहायला घेतलाय आणि तीन ठिकाणी गाडी अडलीय. जाणकारांनी हात द्यावा.

पहिली लढत २२ मे १९९३ ला वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियममध्ये झाली. आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेचं रिकामं मिडलवेट (१६० पौंड) विजेतेपद पणाला होतं, तिन्ही जजनी ११६-११२ अशी जोन्सला दिली. दुसरी ३ एप्रिल २०१० ला लास व्हेगासच्या मंडाले बे मध्ये. ती हॉपकिन्सने ११७-११०, ११८-१०९, ११९-१०८ अशी घेतली.

(क) मध्ये १७ वर्षं का गेली? जिथे बघावं तिथे "पैशावरून फिसकटलं" एवढंच सापडतं. तेवढ्यावर लेख उभा राहत नाही.

(ख) दोघांचा भराचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाचा, काळ कुठून कुठपर्यंत धरायचा? दोघांशीही लढलेल्या बॉक्सरांचा तक्ता केला तर हॉपकिन्स फारच पुढे दिसतो आणि ते पटत नाही.

(ग) प्रत्येक राउंडला १०-९ (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) धरले तर १२ राउंडची बेरीज २२८ यायला हवी. १९९३ ची येते. २०१० च्या तिन्ही कार्डांची (जजच्या गुणपत्रकांची) २२७ येते. आकडे चुकीचे उतरवलेत का?

साउथपॉ

(ग) आधी घेतो, ते लगेच सुटतं. आकडे बरोबर आहेत. सहाव्या राउंडमध्ये जोन्सचा ठोसा हॉपकिन्सच्या डोक्याच्या मागे बसला, म्हणजे रॅबिट पंच. हॉपकिन्स खाली गेला, पुढे दोन्ही कोपऱ्यांतली माणसं रिंगमध्ये घुसली, बरीच झटापट झाली. रेफरी टोनी वीक्स यांनी जोन्सचा एक गुण कापला. फाउलने पडलेला माणूस नॉकडाउन धरत नाहीत, त्यामुळे दुसरीकडे काही बदललं नाही.

आता कार्ड उलगडून बघा. ११७-११० म्हणजे हॉपकिन्सचे ९ राउंड, जोन्सचे ३. मुळात ११७-१११, त्यातून एक वजा. ११८-१०९ म्हणजे १० आणि २, ११९-१०८ म्हणजे ११ आणि १. लेखात राउंड मोजून लिहा, नुसत्या गुणांवरून वाचकाला फरक किती मोठा होता ते कळत नाही. १९९३ चे ११६-११२ म्हणजे ८ विरुद्ध ४. जिंकणाऱ्याबद्दल शंका नव्हती, पण एकतर्फीही म्हणता येत नाही. जोन्सने नंतर उजवा हात दुखावलेला होता असं सांगितलं. ते त्याचं म्हणणं म्हणूनच लिहा, निकालाचं कारण म्हणून नको.

निळा_कोपरा

(क) बद्दल. पैसा हे कारण खरं आहे, पण ते शेवटचं. त्याआधी वजनगट बघा, सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

विजेत्याला ठरावीक मुदतीत मँडेटरी चॅलेंजरशी, म्हणजे संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराशी लढावं लागतं. टाळलं तर पट्टा, म्हणजे विजेतेपद, जातो. ही सक्ती फक्त त्याच वजनगटात चालते. जोन्सने १८ नोव्हेंबर १९९४ ला जेम्स टोनीला हरवलं ते १६८ पौंडांच्या सुपर मिडलवेटमध्ये, आणि १६० चा गट सोडला. त्या क्षणी हॉपकिन्सशी पुन्हा लढायला त्याला भाग पाडू शकेल असं कोणी उरलं नाही. हॉपकिन्स गेला त्याच रिकाम्या पट्ट्यामागे: डिसेंबर १९९४ ला क्विटो इथे सेगुंडो मर्काडोशी बरोबरी, एप्रिल १९९५ ला त्यालाच सातव्या राउंडमध्ये थांबवून विजेता. पुढे सलग २० वेळा त्याने तो पट्टा राखला. जोन्स तोवर १७५ पौंडांत (लाइट हेवीवेट) पोहोचला होता. म्हणजे दोघेही विजेते, दोघांकडेही नियमित कमाई, मध्ये १५ पौंड, आणि सक्ती करणारं कोणीच नाही. अशा वेळी लढत होते ती केवळ दोघांना वाटलं तर.

खरी संधी आली २००१-०२ ला. २९ सप्टेंबर २००१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॉपकिन्सने अपराजित फेलिक्स ट्रिनिडादला बाराव्या राउंडमध्ये थांबवलं आणि १६० चे तीन मोठे पट्टे एकत्र केले. २ फेब्रुवारी २००२ ला तर दोघे एकाच दिवशी लढले: हॉपकिन्स रेडिंगमध्ये कार्ल डॅनियल्सशी, जोन्स मायामीत ग्लेन केलीशी. दोघेही जिंकले. मग बोलणी अडली ती कमाईच्या वाटणीवर, ६०-४० की ५०-५०. जोन्सला ६० हवे होते, हॉपकिन्स अर्ध्याखाली येईना.

लेखात हे गणित जरूर मांडा. एकूण १०० धरा. ६०-४० वरून ५०-५० वर आलं तर जोन्सचे १० जातात, म्हणजे त्याच्या वाट्याचा सहावा भाग. हॉपकिन्सला तेच १० म्हणजे ४० वर चौथा हिस्सा जास्त. त्यामुळे हॉपकिन्सने जास्त ताणून धरलं तर नवल नाही. जोन्सची बाजू अशी की पहिली लढत तो जिंकलेला, नाव मोठं, आणि एचबीओ या टीव्ही वाहिनीवर कमी धोक्याच्या लढतींतही त्याला भरपूर मिळत होतं. ज्याच्याकडे दुसरा चांगला पर्याय असतो तो टेबलावरून सहज उठतो. जोन्स उठला.

किंमत मोजली दोघांनी. हॉपकिन्स फेब्रुवारी २००२ नंतर थेट २९ मार्च २००३ ला रिंगमध्ये उतरला, वयाच्या ३७-३८ व्या वर्षी जवळपास चौदा महिने रिकामे. जोन्स हेवीवेटमध्ये गेला, १ मार्च २००३ ला १९३ पौंडांवर जॉन रुईझला हरवलं (रुईझ २२६) आणि मग ते वजन उतरवून नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरशी १७५ ला लढला. ती बहुमताने कशीबशी निघाली. मे २००४ ला टार्व्हरने दुसऱ्या राउंडमध्ये, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या राउंडमध्ये त्याला नॉकआउट केलं. त्याच सप्टेंबरात हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला यकृतावर बसलेल्या डाव्या ठोशाने नवव्या राउंडमध्ये बसवलं. तराजू पूर्ण उलटला. आता जोन्सला गरज, हॉपकिन्सला नाही.

२०१० ची लढत दोघांच्या करिअरच्या उतारावर जमली, आणि तीही डळमळत. २ डिसेंबर २००९ ला सिडनीत डॅनी ग्रीनने जोन्सला पहिल्याच राउंडमध्ये थांबवलं. त्याच दिवशी हॉपकिन्स फिलाडेल्फियात एन्रिके ओर्नेलासविरुद्ध जिंकला. चार महिन्यांनी दोघे समोरासमोर आले तेव्हा एक ४५ चा, दुसरा ४१ चा.

फूटवर्क

(ख) साठी तुमचा तक्ता टाकून द्या किंवा प्रत्येक ओळीला तारीख आणि वय जोडा. चूक तिथेच होते. मोठी नावं चार आहेत:

ग्लेन जॉन्सन: हॉपकिन्सने जुलै १९९७ ला अकराव्या राउंडमध्ये थांबवलं. जोन्स सप्टेंबर २००४ ला त्याच्याकडून हरला, टार्व्हरच्या नॉकआउटनंतर चारच महिन्यांनी.

ट्रिनिडाद: हॉपकिन्सने २००१ ला, ट्रिनिडाद अपराजित असताना. जोन्सने जानेवारी २००८ ला, ट्रिनिडाद मे २००५ पासून लढलेलाच नव्हता. हे दोन विजय एकाच रकान्यात बसत नाहीत.

टार्व्हर: जोन्स तीनपैकी एक जिंकला. हॉपकिन्सने जून २००६ ला ११८-१०९ असा तिन्ही कार्डांवर धुतला.

जो कॅलझागी: २००८ ला दोघेही हरले, आणि दोघांनीही त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली पाडलं होतं. हॉपकिन्सचा निकाल दोन-एक, जोन्सचा एकमताने.

म्हणजे या तक्त्यात जोन्स जवळजवळ सगळीकडे २००३ नंतरचा आहे. त्याच्या भराबद्दल तक्ता काहीच सांगत नाही. जोन्सचा भर मी जेम्स टोनी ते रुईझ धरतो, १९९४ ते मार्च २००३. हॉपकिन्सचा १९९६ ते २००१, आणि त्यानंतर एक लांब सपाट पठार: ऑक्टोबर २००८ ला ४३ व्या वर्षी केली पाव्हलिक, मे २०११ ला ४६ व्या वर्षी माँट्रियलमध्ये जीन पास्कल.

फरक तंत्रातला आहे. जोन्स हात कमरेजवळ ठेवून, जॅबशिवाय (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) थेट डावा हुक (बाजूने वळवलेला ठोसा) टाकायचा आणि ठोसा चुकवायचा कमरेतून मागे झुकून. जून १९९५ ला विनी पाझिएन्झाचा चौथ्या राउंडमध्ये एकही ठोसा त्याला लागला नाही. पण ही सगळी इमारत डोळा आणि पाय यांच्या वेगावर उभी. वेग जरा कमी झाला की मागे झुकणं अर्धवट राहतं, हनुवटी वर आणि पाय सरळ, आणि गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, मुळात तिथे नसतो. टार्व्हरचा २००४ चा डावा ठोसा याच मोकळ्या जागेत आला.

हॉपकिन्सचा बचाव वेगावर नव्हता. हनुवटी डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे, समोरच्याचा जॅब निघाला की उजवा सरळ टाकून आत शिरायचं आणि क्लिंच (मिठी मारून धरणं), क्लिंचमध्ये बरगड्यांवर काम. राउंडमधले ठोसे कमी झाले तरी हे चालतं, म्हणून तो टिकला.

माझं मत स्पष्ट: २००२ ला लढत १६८ च्या आसपास झाली असती तर जोन्स गुणांवर, ७-५ किंवा ८-४. भराचं शिखर जोन्सचं उंच, हॉपकिन्सचं लांब.

साउथपॉ

७-५ ला माझी हरकत नाही, ८-४ ला आहे. ट्रिनिडादविरुद्धचा हॉपकिन्स १९९३ पेक्षा कितीतरी पक्का होता. १९९३ ला त्याने जोन्सच्या पावलांमागे धावून राउंड घालवले, २००१ ला तो रिंग कापत, म्हणजे समोरच्याची वाट अडवत होता.

दहानऊ

खूप उपयोग झाला. (क) चा क्रम आता वजनगट, मग वाटा, मग उलटलेला तराजू असा लावतो. एकच शेवटचं: १९९३ ची लढत मी स्वतः मोजायची ठरवली तर कशी मोजू, म्हणजे ११६-११२ बद्दल ठाम लिहिता येईल?

फूटवर्क

आवाज पूर्ण बंद करा, समालोचन मन वळवतं. राउंड संपला की पुढची घंटा व्हायच्या आत गुण कागदावर लिहा, नंतर खोडायचं नाही. आधी स्वच्छ लागलेले ठोसे बघा, गार्डवर बसलेले सोडा, पुढे चालत येणं म्हणजे राउंड जिंकणं नव्हे. इथेच हॉपकिन्सला जास्त गुण देण्याची चूक होते. ज्या राउंडमध्ये अडखळाल तिथे १०-९ लिहून शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा. शेवटी प्रश्नचिन्हाचे सगळे राउंड एकदा जोन्सला, एकदा हॉपकिन्सला देऊन दोन बेरजा काढा. त्या दोन आकड्यांच्या मध्ये ११६-११२ पडतं का ते बघा, आणि लेखात दोन्ही आकडे छापा.