मदत हवी आहे: नोकरी करणारी ताई स्वतःच्या तब्येतीकडे बघतच नाही

माझी मोठी बहीण, वय ४३, नोकरी शिफ्टची. तपासणीत हिमोग्लोबिन ९.१ आलं. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीत रक्तस्राव जास्त होतो म्हणून सोनोग्राफीही सांगितली. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये तशीच पडून आहे. सोनोग्राफी 'पुढच्या आठवड्यात'. जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबते आणि विचारलं की म्हणते, "दमलेय नुसती."

मोबाईलवर आठवण लावून दिली, ती बंद करते. अपॉइंटमेंट घेतली, तर मुलाची परीक्षा आहे म्हणून रद्द केली. रागावलं की विषयच संपतो. भावजी घरचं सगळं बघायला तयार आहेत, पण ती त्यांना काम सांगतच नाही. गोळ्यांनी मळमळतं असं म्हणाली होती. ते डॉक्टरांना विचारणारच आहोत, त्यामुळे औषधांचे सल्ले नकोत.

पैशाची अडचण नाही, रजाही शिल्लक आहे. सोबत जायला मी आहे. मुलाला ताप आला की ती लगेच रजा टाकते, पण स्वतःसाठी अर्धा दिवस घेणं तिला चैन वाटते. मला हेच फार लागतं.

ज्यांच्या घरात असं होतं आणि बदललं, तुम्ही नेमकं काय बोललात किंवा काय केलंत? आणि ताईच्या जागी असलेल्या मैत्रिणींनो, कुणाचं कोणतं बोलणं तुम्हाला न टोचता पटलं?